फुली नसलेलं पाणी

फाल्गुन लागला, उन्हाला धार आली आणि गल्लीतल्या पोरांनी होळीसाठी लाकडं जमवायला सुरुवात केली, की माझं पाणी पिणं बदलतं. पेला आधी उजेडाकडे धरते, मग पिते. घरात पाणी गाळणारं यंत्र आहे. त्याला निळा दिवा आहे आणि तो लागला की पाणी शुद्ध झालं असं म्हणतात. माझा दिव्यावर विश्वास नाही. नात डॉक्टरकी शिकते आहे, ती मला हसते. "आजी, नारूचा रोग देशातून केव्हाच गेला. आम्हाला तो परीक्षेलासुद्धा येत नाही." गेला असेल. मी काही त्याला निरोप द्यायला वेशीपर्यंत गेले नव्हते, त्यामुळे माझी अजून खात्री पटत नाही.

बहात्तर साली आमच्या नगर जिल्ह्यात पाऊस आलाच नाही. त्याच्या आदल्या वर्षीही तो नुसता तोंड दाखवून गेला होता. त्र्याहत्तरचा फाल्गुन उजाडला तेव्हा रेशनवर परदेशी ज्वारीचा लाल मिलो मिळत होता आणि त्याची भाकरी थापताना आई रोज कुणाला तरी शिव्या घालायची. कुणाला ते तिलाही ठाऊक नसावं. रस्त्याच्या कडेला माणसं दिवसभर खडी फोडत बसलेली असायची. त्या ठकठकीची इतकी सवय झाली होती, की रविवारी ती थांबली की काहीतरी अशुभ घडलंय असं वाटायचं. सकाळी आकाश निळंशार असे. पाहुणे आले की म्हणत, काय स्वच्छ हवा आहे हो तुमच्याकडे! मी त्या स्वच्छ हवेत ढग शोधत बसायची.

अशा साली शाळेच्या वीरबाला पथकाचं, म्हणजे मुलींच्या स्काउटचं, शिबिर काढायचं, हे पथक चालवणाऱ्या देवधर बाईंनाच सुचू शकतं. शनिवार-रविवार, उघड्यावर. तंबू ठोकायचे, गाठी शिकायच्या, काठ्यांची डोली करायची, जखमेवर पट्टी बांधायची, माग काढायचा. मुख्याध्यापिका म्हणाल्या, यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी बघू. बाई म्हणाल्या, "सगळं मुबलक असताना उघड्यावर कुणालाही राहता येतं. शिकायचं तर आत्ताच शिकायचं." बाई कधी आवाज चढवत नसत, त्यामुळे त्यांच्याशी भांडताही येत नसे. आम्ही गेलो.

गाव राहुरीच्या वाटेवर, फाट्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याला होतं. नाव सांगत नाही. आता तिथं घरोघरी नळ आहेत, द्राक्षं होतात, उगाच गावाला बट्टा कशाला? एस.टी.तून उतरून आम्ही ओळीनं चालत निघालो. निळे गणवेश, गळ्यात पिवळे स्कार्फ, तोंडात पथकाचं गाणं. वाटेवरच्या निष्पर्ण बाभळीवर गिधाडं बसली होती. आम्ही गात गात झाडाखालून गेलो तरी त्यांनी हालचाल केली नाही. कमल नावाची एक मुलगी म्हणाली, "आपल्याला मोजतायत बघ." सगळ्या हसल्या, आणि मग गाणं पुन्हा नीट जमेना.

मेहरू, म्हणजे मेहरुन्निसा, माझ्या बाकावरची मैत्रीण आणि आमच्या तुकडीची नायिका. तिचे अब्बा शिंपी होते. धावण्यात तिला शाळेत जोड नव्हती. तिला कवायतीची बाई व्हायचं होतं. आम्ही दहावीत होतो, मॅट्रिक तेव्हा अकरावीला असे, आणि आमच्यापैकी कुणालाही पुढं काय करणार असं विचारलं, तर आम्ही आईकडे बघत असू. मेहरूचं ठरलेलं होतं. तिच्या अब्बांचंही ठरलेलं होतं. मॅट्रिक पास झाली तर पुण्याला कवायतीच्या कॉलेजात पाठवायची, नाही झाली तर चाचीनं आणलेलं स्थळ बघायचं. "म्हणजे मला पळत सुटायचंय," मेहरू म्हणायची, "मागं चाची लागलीय." तिचे पाय लांब, सडपातळ होते आणि शाळेच्या मैदानावर ती अनवाणीच पळायची.

शनिवार छान गेला. इतका छान, की आता आठवला तर त्याचाच राग येतो. गावच्या शाळेमागच्या पडीक रानात तंबू उभे राहिले. पिण्याचं पाणी बाईंनी टेम्पोतून पिंपात भरून आणलं होतं आणि त्याच्याशिवाय कुठल्याही पाण्याला तोंड लावायचं नाही, अशी ताकीद दिली होती. गावातल्या बायका लांब उभ्या राहून आमच्याकडे बघत होत्या. त्यांच्या कडेवर रिकाम्या घागरी होत्या. नजर आमच्यावर नसून पिंपावर आहे, हे मला बऱ्याच वेळानं कळलं. एकदा कळल्यावर पाणी प्यायला लाज वाटायला लागली, म्हणून मी दिवसभर कमीच प्यायले. संध्याकाळी बाईंनी स्कार्फचे उपयोग शिकवले. झोळी, पट्टी, दोर, झेंडा. प्रत्येकीनं एकेक उपयोग सांगायचा होता. पाणी गाळायला, असं कुणीही म्हणालं नाही.

त्याच संध्याकाळी बाईंनी तो नियम सांगितला. वाटेत पाणी मिळालं तर आधी तुकडीनं प्यायचं, नायिकेनं सगळ्यात शेवटी. मेहरूला हा नियम फार आवडला. ती लगेच रुबाबात डबा घेऊन पिंपाशी जाऊन उभी राहिली आणि "प्या बाळांनो, प्या" असं म्हणून प्रत्येकीला वाढू लागली.

रविवारी सकाळी माग काढण्याचा खेळ होता. कमलची तुकडी बाईंबरोबर पुढं जाणार, वाटेत खुणा करणार आणि आमची तुकडी मागून त्या खुणांवरून त्यांना गाठणार. खुणा करायला मैदानावर टाकतात ती चुन्याची फक्की होती. बाण म्हणजे इकडं जा. फुली म्हणजे इकडं जाऊ नका. नागमोडी रेघा म्हणजे पिण्याचं पाणी, आणि नागमोडी रेघांवर फुली म्हणजे ते पाणी पिऊ नका. "खुणेवर शंका घ्यायची नाही," बाईंनी बजावलं होतं. "पुढं गेलेल्या मैत्रिणीनं तुमच्यासाठी ती केलेली असते."

ऊन चढलं तसं आमच्या बाटल्यांतलं पाणी संपलं. ओढा कोरडा होता. ओढ्यातली वाळू जागोजागी उकरलेली होती आणि त्या खड्ड्यांच्या तळाशीही पाणी नव्हतं. एका शेतात मोटेची विहीर दिसली. डोकावलो तर तळाला नुसते दगड होते आणि आत एक पारवा घुमत होता. पुढं बांधाच्या वळणावर गावातली पोरं बाभळीच्या फांद्या फरफटत नेताना भेटली. होळीची लाकडं. आमच्याकडे शिमग्यात रानात पडलेलं लाकूड ज्याला सापडेल त्याचं. मालकानं शिव्या द्यायच्या आणि पोरांनी त्या आशीर्वाद म्हणून घ्यायच्या, असा रिवाजच आहे. आमचे गणवेश बघून पोरांनी बोंब ठोकली. मेहरूनंही उलट बोंब ठोकली. ती त्यांच्यापेक्षा मोठी निघाली आणि पोरं खूश झाली.

आणि मग ती बारव आली. चिरेबंदी, खोल, चारी बाजूंनी पायऱ्या उतरत गेलेल्या. अगदी तळाच्या पायऱ्यांशी हिरवट पाण्याचं एक डबकं उरलेलं. काठावरच्या सपाट दगडावर पांढऱ्या फक्कीत नागमोडी रेघा ठळक काढलेल्या होत्या. आम्ही आनंदानं ओरडलोच. मेहरू खाली उतरून डबा भरून घेऊन आली. बारवेत गारवा होता, पाणी गार होतं, आणि आम्ही एकेक करून घटाघटा प्यायलो. मला डबा मिळाला तेव्हा मी दोन घोट जास्तच घेतले. शेवटी तळाला उरलेलं मेहरू प्यायली. तोंड वाकडं करून म्हणाली, "कचकच लागतंय. तुम्ही मला गाळ ठेवलात गं सगळ्या!"

तेवढ्यात समोरच्या कमानीतून एक बाई बाहेर आली. आत सावलीला टेकली असावी. हिरवं लुगडं, वय आमच्या आयांएवढं. एक पाय टाकताना ती ओठ घट्ट मिटत होती. आमच्याकडे न बघता ती पायऱ्या उतरली, पाण्याशी बसली आणि तिनं तो पाय घोट्यापर्यंत पाण्यात सोडला. तिच्या तोंडून हुश्श असा आवाज आला. घोट्याजवळ एक जखम होती आणि जखमेतून पांढरा दोरा लोंबत होता. पाण्यात तो हलत होता.

"काय झालंय हो पायाला?" मेहरूनं विचारलं.

"नारू हाय गं. लई आग हुती. पान्यात घातला म्हंजी जरा जीव थंड व्हतो." मग तिचं लक्ष डब्याकडे गेलं. "पोरींनो, ह्यातलं प्याला व्हय?"

मेहरूनं डबा पाठीमागे धरला.

"आमचं काय, आमी पितोच. टँकर आला तर आला, न्हाई तर ह्योच. पन तुमी कशाला?" ती रागावली नव्हती. पेरणीबद्दल बोलावं तशा आवाजात तिनं पुढं सांगितलं, "आता काय हुतं न्हाई. वरीस जाऊ द्या. पुढल्या शिमग्याला कळंल, कुनाला निघतोय त्यो."

त्या माउलीनं आम्हाला शाप दिला नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी पुढं वर्षभर तो आवाज माझ्या कानात होता.

बाई आणि कमलची तुकडी पुढच्या देवळाशी वाट बघत होती. आम्ही बारवेचं पाणी प्यायलो हे ऐकल्यावर बाईंचा चेहरा उतरला. "फुली नाही बघितली?" फुली नव्हती, असं मेहरूनं सांगितलं. कमल रडायलाच लागली. तिनं फुली केली होती. त्या हिरव्या लुगड्यातल्या बाईला पाण्यात पाय सोडताना पाहूनच देवधर बाईंनी ती करायला लावली होती. पण रेघा काढता काढता फक्की संपली, म्हणून कमलनं बाभळीच्या दोन वाळक्या फांद्या शोधून रेघांवर आडव्यातिडव्या ठेवल्या होत्या. आम्ही सगळ्या मागं गेलो. रेघा होत्या तशाच होत्या. फांद्या होळीला गेल्या होत्या.

बाईंनी तंबूवर आणून आम्हाला मिठाचं पाणी पाजलं, घशात बोटं घालायला लावली. पाचजणींना उलट्या झाल्या. मेहरूला होईना. ती ओणवी होऊन खूप वेळ प्रयत्न करत होती आणि बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. शेवटी ती डोळे पुसत सरळ झाली आणि म्हणाली, "जाऊ द्या बाई. आता ते माझं झालं."

नगरच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. औषध नाही म्हणाले. पोटात गेला असेल तर वर्षभर तो आत वाढेल आणि पायातून बाहेर येईल. गेला नसेल तर येणार नाही. ओळखायचं कसं, असं माझ्या वडिलांनी विचारलं. "वाट बघायची," डॉक्टर म्हणाले. एवढ्या मोठ्या दवाखान्यात त्या बारवेतल्या बाईचंच वाक्य ऐकायला मिळालं, आणि मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. माणसं रस्त्यावर येऊन भिजली, पेढे वाटले गेले, बाजरी पुरुषभर वाढली. मी मात्र रोज अंघोळीच्या वेळी दगडावर पाय ठेवून घोटे, पोटऱ्या, बोटांच्या बेचक्या तपासत असे. डास चावला तरी धस्स व्हायचं. कातडीखाली काही सरकतंय असं वाटून मी वर्गात दचकायची. आपल्या आत कुणीतरी राहतंय का आणि ते सावकाश वाढतंय का, हे माहीत नसणं फार वाईट. दिवाळीत अंगाला उटणं लावताना आई माझे पाय जरा जास्त वेळ चोळायची. देवधर बाई वर्गात आल्या की आधी आमच्या सहाजणींच्या पायांकडे बघायच्या, मग हजेरी घ्यायच्या. त्या एका वर्षात त्यांचे केस पांढरे झाले, असं सगळ्या म्हणायच्या. पथक त्यांनी पुन्हा कधी बाहेर नेलं नाही.

मेहरू तेवढी थट्टा करायची. "माझ्या पोटात तळाचा गाळ आहे, त्यात बारवेचा देवसुद्धा असेल." मैदानावर ती पूर्वीसारखीच पळायची. पण संक्रांतीच्या सुमाराला एकदा मधल्या सुट्टीत तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "विमल, आला तर परीक्षेनंतर यावा गं. अब्बांनी कॉलेजचं विचारून ठेवलंय." येणारच नाही, असं म्हणायला हवं होतं, पण खोटं बोलावंसं वाटलं नाही.

आला तो परीक्षेच्या तोंडावर आला. डाव्या घोट्यावर फोड उठला, तो फुटला आणि पांढरं टोक दिसायला लागलं. आम्हा पाचजणींना काहीच झालं नाही. मला आनंद झाला आणि रडूही आलं, एकाच वेळी. त्यातलं कुठलं मोठं होतं, ते मी आजही सांगू शकणार नाही.

दवाखान्यातला कंपाउंडर रोज त्या जंताचं टोक एका काडीला गुंडाळून बोटभर बाहेर ओढायचा. जास्त ओढलं तर तुटतो, तुटला तर आत विष होतं. मग ती काडी पायाला बांधून पट्टी करायचा. त्या पट्टीसकट मेहरू मॅट्रिकला बसली. डॉक्टरांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती. पायाची आग होईल, निखाऱ्यावर ठेवल्यासारखी होईल, पण पाय पाण्यात बुडवायचा नाही. पाणी लागलं की त्याची पिल्लं सुटतात. तो माणसाला आग लावतोच मुळी त्यासाठी.

मार्चचं नगरचं ऊन, वरती पत्र्याचं छप्पर. पाणी देणारा शिपाई बादली घेऊन बाकांमधून फिरायचा आणि भूमितीच्या पेपरला मी बघितलं, मेहरू लिहायची थांबून त्या बादलीकडे बघत होती. वर्गाच्या पार दुसऱ्या टोकाला ती बादली जाईपर्यंत तिची मान वळत गेली. मग तिनं खालचा ओठ दातात धरला आणि पुन्हा लिहायला लागली.

घरी नमाजाआधी हातपाय धुताना, वुजू करतानाही तिची अम्मी बाकी सगळीकडे पाणी घालायची आणि त्या पायावरून नुसता ओला हात पट्टीच्या वरून फिरवायची. एकदा मी तिथं असताना मेहरू इतकी कळवळत होती, की चाचीला राहवलं नाही. चाचीनं घमेल्यात पाणी आणून पुढं ठेवलं. "बुडव गं जरा. कोण बघतंय? नंतर मोरीत ओतून टाकते."

"मोरी कुठं जाते, चाची?"

"नाल्यात."

"आणि नाला?"

मेहरूनं उजव्या पायानं घमेलं लांब सारलं. "त्या बाईनं बुडवला म्हणून मला झाला. मी बुडवला तर पुढच्या शिमग्याला कुठली तरी पोरगी अशीच तडफडेल. न्या ते."

ती पास झाली, हे आधीच सांगून टाकते. पण घोटा आखडला तो आखडलाच. कवायतीच्या कॉलेजात घेतलं नाही. तिनं साधी शिक्षिकेची परीक्षा दिली आणि श्रीगोंद्याच्या शाळेत भूगोल शिकवला, नद्या आणि पर्जन्यमान. कवायतीच्या तासाला ती सावलीत खुर्ची टाकून बसायची आणि तिथून पोरींना पळायला ओरडायची. मी एकदा गेले होते तेव्हा ऐकलं. तिचा आवाज मैदानाच्या पार टोकापर्यंत जात होता. माझे पाय ठणठणीत होते आणि मी आयुष्यात कधी गाडी पकडायलासुद्धा धावले नाही. अशा वाटणीला काय म्हणावं?

त्या चैत्रातली एक दुपार मात्र अजून बाकी आहे. जंताचं शेवटचं टोक निघालं होतं, जखम कोरडी झाली होती. त्या दिवशी डॉक्टरांनी तपासून सांगितलं, संपला, आता काही राहिलं नाही. दवाखान्यातून मेहरू घरी गेली नाही, लंगडत थेट आमच्याकडे आली. अंगणातल्या आडाजवळ बसली आणि म्हणाली, "विमल, बादली भर."

मी काठोकाठ भरून पुढं ठेवली. तिनं सलवार वर घेतली. बराच वेळ ती नुसती पाण्याकडे बघत राहिली. मग आधी अंगठा टेकवला, मग बोटं, आणि मग पाऊल, घोटा, सगळा पाय तिनं सावकाश पाण्यात सोडला. आणि रडायला लागली. वर्षभरात, परीक्षेत, काडीवर रोज बोटभर ओढून घेताना, कधी रडली नव्हती ती हंबरून रडली. आई दारापर्यंत आली आणि तशीच आत गेली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. पाणी कोमट होईपर्यंत तिनं पाय बाहेर काढला नाही.

मग तिनं ओढणीनं तोंड पुसलं, पाय पुसला आणि बादलीकडे बोट केलं. "लांब ओत हं. आडापासून लांब."

डॉक्टरांनी संपला म्हणून सांगितलं होतं. तरी मी बादली उचलली, घरामागच्या खडकाळ माळावर चालत गेले आणि तापलेल्या दगडावर ती उपडी केली. पाणी चर्र झालं, पसरलं, आटायला लागलं. शेवटची ओल जाईपर्यंत मी तिथून हलले नाही.